अंदमानात आठ दिवस : कोणती बेटे निवडावीत आणि कोणती सोडावीत?

मृद्गंध

नमस्कार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे अंदमानला जात आहोत : मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची माझी आई. येण्याजाण्याचे दिवस धरून आठ दिवस आणि सात रात्री हाताशी आहेत. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, पुढचे काहीही ठरलेले नाही.

सेल्युलर जेल पाहायचे हे आईच्या मनात कित्येक वर्षांपासून आहे, त्यामुळे त्याबद्दल प्रश्नच नाही. तिचे गुडघे दुखतात. सावकाश जिना चढते, पण हलत्या बोटीत पाय टाकणे तिला जड जाते. मुलीला पोहता येते आणि तिला प्रवाळ पाहायचे आहे. मला स्वतःला जंगलाची ओढ आहे, आणि दिग्लीपूरजवळ कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात असे वाचल्यापासून ते नाव डोक्यातून जात नाही. यजमानांची अपेक्षा एवढीच की रोज सकाळी सामान बांधावे लागू नये.

प्रवासी कंपन्यांची जी वेळापत्रके पाहिली, त्यांत पाच दिवसांत सहा-सात ठिकाणे कोंबलेली आहेत. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) ही दोन्ही करावीत की एकच पुरे? बाराटांग, दिग्लीपूर आणि लिटल अंदमान यांपैकी एखादे त्यात बसते का? कोणते बेट घ्यावे याबरोबरच कोणते सोडावे आणि का, हेही जाणकारांनी सांगितले तर फार उपयोग होईल.

गाज

नोकरीच्या निमित्ताने आमचे काही वर्षे पोर्ट ब्लेअरला वास्तव्य होते. (सप्टेंबर २०२४ पासून शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटांवर आणि फलकांवर दोन्ही नावे दिसतील, गोंधळून जाऊ नका.) काय सोडावे हा तुमच्या प्रश्नाचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सरकारी मोजणीप्रमाणे अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी बेटे आणि खडक मिळून ८३६ आहेत, पण वस्ती त्यांतल्या तीसएक बेटांवरच आहे. निकोबारमध्ये विशेष परवान्याशिवाय जाता येत नाही, तेव्हा तो सगळा गट विचारातूनच काढून टाका. उरलेले अंदमानही उत्तर-दक्षिण सुमारे साडेतीनशे किलोमीटर पसरलेले आहे, आणि नकाशावर बोटभर दिसणारे अंतर समुद्रावर फार वेळ खाते.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे म्हणजे किमान अर्धा दिवस गेला, असे धरून चाला. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला खाजगी वेगवान बोट सुमारे दीड तासात आणि सरकारी बोट दोन ते अडीच तासांत पोहोचते, हे खरे. पण त्याआधी खोली सोडणे, जेट्टीवर तासभर अगोदर हजर राहणे, ओळखपत्रे आणि सामान तपासून घेणे, आणि उतरल्यावर गाडी शोधून मुक्कामी पोहोचणे हे सगळे त्यात मोजले जात नाही. शिवाय तिथला दिवस लवकर संपतो. घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आणि बेटे ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांवर, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस सूर्य सहाच्या आत उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. दुपारी तीननंतर किनाऱ्यांवर जाणाऱ्या लहान बोटी बंद होऊ लागतात. म्हणजे तुम्ही तीन वाजता एखाद्या बेटावर उतरलात, तर त्या दिवशीचे बेट पाहणे जवळपास संपलेच. वेळापत्रकांतली ती सहा-सात ठिकाणे कागदावर बसतात आणि प्रत्यक्षात जेट्टीवरच्या रांगेत संपतात, याचे कारण हेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आठ दिवसांत पोर्ट ब्लेअर, स्वराज आणि शहीद या तिघांपलीकडे जाऊ नये. दिग्लीपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस आणि तिथे किमान दोन दिवस, म्हणजे निम्मी सहल तिकडेच खर्ची पडेल. लिटल अंदमान दक्षिणेला आहे, आणि तिथल्या हट बे बंदराला जाणारी बोट हवामानावर आणि जहाजांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. बटलर बेच्या लाटा आणि तिथले धबधबे सुंदर आहेत, पण परतीचे विमान ठरलेले असताना वयस्कर माणसाला घेऊन तिकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

स्वराज द्वीपावर राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथे वाळू संपते तिथूनच समुद्रमोहाची प्रचंड झाडे सुरू होतात, आणि त्यांच्या सावलीत तुमच्या आई तासन्‌तास बसू शकतील. वाळू घट्ट आणि उतार हळुवार असल्यामुळे चालायलाही त्रास नाही. सूर्यास्त तिथे, सूर्योदय पूर्वेकडच्या कालापथ्थरला. एलिफंट बीचला मात्र बोटीने किंवा जंगलातून पायी जावे लागते, आणि दोन्ही गोष्टी गुडघ्यांना त्रासाच्या आहेत. तिथे तुम्ही तिघांनीच जावे. एक गोष्ट मनापासून सांगते : पोहायचे ते जीवरक्षक असलेल्या आणि पोहण्यासाठी आखून दिलेल्या भागातच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात सर्वत्र आहेत, आणि २०१० साली राधानगरजवळच्याच एका खाडीत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक स्त्रीचा जीव गेला होता. खाडीच्या मुखाशी आणि कांदळवनाजवळ मुलीला पाण्यात उतरू देऊ नका, पाणी कितीही शांत दिसले तरी.

शहीद द्वीप लहान, सपाट आणि शेतीचे आहे. भाताची खाचरे, भाजीचे मळे, सुपारीच्या बागा, आणि बहुतेक घरे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची. यजमानांना हवा असलेला निवांतपणा त्यांना इथे मिळेल. माझ्या हिशेबाने स्वराजवर तीन रात्री, शहीदवर दोन आणि पोर्ट ब्लेअरला सुरुवातीची एक व शेवटची एक.

रानवाट

गाज यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. बाराटांगबद्दल त्यांनी लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच सविस्तर लिहितो. कारण पोर्ट ब्लेअरला उतरताच प्रत्येक गाडीवाला तुम्हाला 'बाराटांग केल्याशिवाय जाऊ नका' असे सांगणार आहे.

बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. गुहेकडे जाताना लहान बोट कांदळवनाच्या अरुंद खाडीत शिरते आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर येऊन मिळतात, ते दृश्य खरोखर देखणे आहे. पण तिथे रस्त्याने पोहोचण्यासाठी पहाटेच्या अंधारात निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावावी लागते, तिथून ठरलेल्या वेळी पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांचा ताफा सुटतो, पुढे मिडल स्ट्रेट ही अरुंद सामुद्रधुनी तराफ्यावरून ओलांडायची, मग पुन्हा लहान बोट, आणि शेवटी शेतांच्या बांधांवरून व दगडांवरून दीडएक किलोमीटर पायपीट. परतीला हेच सगळे उलट क्रमाने. तुमच्या आईंसाठी हा दिवस अतिशय कष्टाचा होईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या रस्त्याची आहे. अंदमान ट्रंक रोडचा हा भाग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवा लोकांची संख्या काही शेच आहे, आणि बाहेरच्या जगाशी त्यांनी आपणहून संपर्क सुरू केल्याला तीन दशकेही झालेली नाहीत. आदिवासी संरक्षणाचा १९५६ चा नियम, जो २०१२ साली अधिक कडक झाला, त्यांची छायाचित्रे काढण्यास, त्यांना खाऊ देण्यास आणि वाटेत गाडी थांबवण्यास मनाई करतो. तरीही त्या ताफ्यातल्या गाड्यांमध्ये काचेला नाक लावून बसलेली माणसे 'दिसले का, दिसले का' असे एकमेकांना विचारत असतात. माणसे पाहायला जाण्याची ही रीत मला सहन होत नाही, आणि गुहा हे निमित्त असले तरी त्या गर्दीत आपली एक गाडी वाढवू नये असे मला वाटते. बाराटांगला जाण्यासाठी समुद्रमार्गाची सोयही करण्यात आली आहे; कधी जायचेच झाले, तर त्या वेळी ती बोट चालू आहे का याची चौकशी करून तिनेच जावे. या सहलीत मात्र बाराटांग सोडावे.

तुमची जंगलाची ओढ दक्षिण अंदमानातच भागेल. चिडिया टापूला संध्याकाळी जा. रस्ता शेवटपर्यंत सदाहरित रानातून जातो आणि पक्ष्यांसाठी ती जागा प्रसिद्ध आहे. आणि एक सबंध दिवस वंडूरसाठी ठेवा, जॉली बॉय बेटाची बोट तिथल्याच जेट्टीवरून सुटते. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले, त्यातले जॉली बॉय बेट साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत पर्यटकांना खुले असते. तिथे मुक्काम नाही, दुकान नाही, आणि एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक जेट्टीवरच अडवतात, त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांची व्यवस्था आदल्या दिवशी करावी लागते. या शिस्तीमुळेच तिथला किनारा अजून स्वच्छ राहिला आहे.

वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाट लागेल, तिथे गाडी थोडी थांबवून मुलीला दाखवा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खाली बसली आणि इथली शेते समुद्राच्या पाण्याखाली गेली, ती कायमचीच. बांध दिसत नाहीत, नुसते पाणी पसरलेले आहे आणि मेलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले आहेत. त्याच भूकंपात ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचले, तर उत्तर अंदमानचा किनारा उलट वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. पाठ्यपुस्तकातला भूगोल इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतो.

कासवांसाठी दिग्लीपूरला पुन्हा वेगळी सहल करा. कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्चच्या सुमारास ती येतात. सॅडल पीक हे ७३२ मीटर उंचीचे अंदमानातले सर्वोच्च शिखर तिथेच आहे, आणि रॉस व स्मिथ ही वाळूच्या दांड्याने जोडलेली जुळी बेटेही तिथून जवळ. एवढे सगळे पाहायचे तर तेवढ्यासाठीच पाच-सहा दिवस हवेत.

नीलतळ

मी स्कूबा डायव्हिंग करतो, म्हणून केवळ पाण्याखालच्या बाजूने लिहितो. गाज यांनी सुचवलेल्या तीन रात्रींपेक्षा स्वराजवर दोन रात्री पुरतील, असे माझे मत आहे.

मुलीचे वय बारा आहे, म्हणजे प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात पहिली डुबकी घेण्याची दहा वर्षांची किमान अट ती पूर्ण करते. ही डुबकी स्वराजवरच घ्यावी, कारण शिकवणारी मंडळी तिथे जास्त आहेत. सकाळी लवकरची वेळ मागा. वारा कमी असतो आणि पाणी स्वच्छ असते. सर्दी असेल, तर पैसे गेले तरी चालतील पण पाण्यात उतरवू नका, कारण कानातला दाब सोडता आला नाही तर पडद्याला इजा होते. डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून डायव्हिंग सहलीच्या पूर्वार्धातच उरकावे.

प्रवाळाबद्दल मात्र अपेक्षा थोड्या आवरून ठेवा. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे २०१० साली अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि उथळ भागातले पुष्कळसे परत सावरले नाहीत. जाहिरातींतले रंग तुम्हाला गुडघाभर पाण्यात दिसणार नाहीत. मासे मात्र भरपूर दिसतील, आणि लहान वयात तेच अधिक मोहवतात.

प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरावेच लागते असेही नाही. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूर क्रमांक दोनचा किनारा ओहोटीला पाहावा. तिथे खडकाची नैसर्गिक कमान आहे, आणि गाड्या घेऊन येणारे सगळे त्या कमानीपाशी छायाचित्रे काढून परत फिरतात. खरी मौज वाटेतल्या डबक्यांत आहे. पाणी मागे सरले की खडकांच्या खळग्यांत ते वीतभर साचून राहते, आणि एका डबक्याशी दहा मिनिटे न हलता बसले की रिकामे वाटणारे डबके हलू लागते : शंख पाय काढून चालू लागतो आणि तो खेकडा निघतो, काळी काकडीसारखी वस्तू म्हणजे समुद्रकाकडी असते, खडकाच्या फटीत जांभळ्या-निळ्या ओठांचा शिंपला आपली सावली पडताच मिटतो. बोटभर निळे मासे तर असतातच. तळवे धरून ठेवतील अशी चप्पल घाला, प्रवाळावर पाय देऊ नका आणि काही उचलू नका. प्रवाळाचे मेलेले तुकडे नेणेही वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

हे सगळे ओहोटीच्या वेळेवर अवलंबून आहे, आणि ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जाते, अष्टमीच्या भांगाला फारसे जात नाही. तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे. यासाठीच शहीदवर एक नव्हे, दोन रात्री हव्यात, म्हणजे एक दिवस वेळ जुळली नाही तरी दुसऱ्या दिवशी जुळते.

मृद्गंध

तिघांचेही मनापासून आभार. लिटल अंदमान आणि बाराटांग सोडले. जारवांच्या रस्त्याबद्दल घरात सविस्तर बोलणे झाले आणि मुलीनेच 'आपण जायचे नाही' असे सांगितले. दिग्लीपूर सोडताना वाईट वाटते आहे, पण कारण पटले.

पंचांगात पाहिले, तर शहीद द्वीपावरचे आमचे दोन्ही दिवस पौर्णिमेच्या आसपास येतात. आता पोर्ट ब्लेअर एक, स्वराज दोन, शहीद दोन आणि परत पोर्ट ब्लेअर दोन, अशा सात रात्री धरते आहे. दोन शंका उरतात. शेवटचा मोकळा दिवस जॉली बॉयला द्यावा की पोर्ट ब्लेअरजवळच्या (दिग्लीपूरच्या नव्हे) रॉस बेटाला, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाला? आणि सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी पाहावे की शेवटी निवांतपणे?

गाज

नीलतळ यांचा दोन रात्रींचा मुद्दा मान्य आहे. तुमची नवी विभागणी माझ्या विभागणीपेक्षा चांगली आहे.

जेल पहिल्याच दिवशी पाहावे. विमान दुपारपर्यंत पोहोचत असेल तर जेवून आणि थोडे आडवे होऊन तीनच्या सुमारास तिथे जा, आणि अंधार पडल्यावरचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहूनच परता. त्याचे तिकीट आधी काढून ठेवा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या, मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात लांब इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. एका इमारतीतल्या कोठड्यांची दारे शेजारच्या इमारतीच्या पाठभिंतीकडे उघडत, त्यामुळे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसत नसे, हे तिथल्या आवारात उभे राहिल्यावर चटकन ध्यानात येते. सावरकरांना १९११ साली इथे आणले आणि १९२१ पर्यंत ते इथे होते. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात आणि नंतर लांब सज्जातून चालावे लागते, म्हणून आईंना आधी खालचे फाशीघर किंवा संग्रहालय दाखवण्यात दमवू नका. थेट वर न्या, तिथे हवा तेवढा वेळ बसू द्या आणि बाकीचे उतरल्यावर पाहा. जेल शेवटी ठेवले आणि बोट एक दिवस उशिरा सुटली, तर ज्यासाठी त्या इतक्या दूर येत आहेत तेच राहून जायचे. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या.

शेवटच्या दिवसाबद्दल माझा कौल दोन भागांत आहे. जॉली बॉयला मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरावे लागते, आणि आईंना जड जाणारी नेमकी हीच गोष्ट आहे. तेव्हा तिकडे तुम्ही आणि मुलीने जावे. आई आणि यजमानांनी सकाळी चॅथमची १८८३ सालची लाकूड गिरणी किंवा मानववंशशास्त्राचे संग्रहालय पाहावे. रॉस बेट शहराच्या समोरच आहे आणि बोटीने काही मिनिटांचे अंतर आहे, म्हणून त्याला वेगळा दिवस लागत नाही. शहीदहून सकाळच्या बोटीने परतलात तर त्याच दुपारी चौघांचे रॉस होईल. ब्रिटिशांच्या राजधानीचे ते अवशेष आता वडा-पिंपळाच्या मुळांनी कवळलेले आहेत, वाटा बांधलेल्या आहेत आणि हरणे अगदी जवळ येतात. चिडिया टापू मग जॉली बॉयहून परतल्यावर वेळ उरला तरच, ओढाताण करून नको.

बोटींची तिकिटे आत्ताच काढा, कारण जानेवारीच्या अखेरीस गर्दी असते. आधी शहीदहून पोर्ट ब्लेअरला येणारी बोट ठरवा, मग स्वराजची आणि सर्वांत शेवटी दोन बेटांमधली. आईंसाठी खालच्या मजल्यावरच्या मधल्या जागा मागा, तिथे हेलकावे कमी बसतात. उलटीची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी द्या, नंतर तिचा उपयोग होत नाही. मूळ ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा, ती प्रत्येक जेट्टीवर दाखवावी लागतात. शहीदवर पैसे काढण्याच्या यंत्राच्या भरवशावर राहू नका, पाच दिवसांची रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.